तीन ते पाच वर्षांच्या पोरांना बागेत कसं न्यायचं (आणि रडारड न होता परत कसं आणायचं)

आमच्याकडे दोन नग आहेत, मोठा दुसरीत आणि धाकटी साडेतीन वर्षांची. मोठ्याच्या वेळी मी सगळं उलटं केलं होतं. रविवार उगवला की मोठ्ठा प्लॅन, सकाळी कात्रजचं प्राणिसंग्रहालय, दुपारी बाहेर जेवण, संध्याकाळी सारसबाग आणि भेळ, म्हणजे कसं सगळं एका दमात उरकून घ्यायचं. पोरगं वाघाच्या पिंजऱ्यासमोर खांद्यावर झोपलं, जेवताना किरकिर, सारसबागेत पोचेपर्यंत आम्ही नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हतो. रात्री त्याला विचारलं काय आवडलं तर म्हणाला "मुंग्या". तिकडे बाकड्याखाली मुंग्यांची रांग होती म्हणे. ती तर घराच्या गॅलरीतही होती!

तर धाकटीच्या वेळी शहाणी झाले आणि आता जो भेटेल त्याला हेच सांगते, की या वयाच्या पोरांना नवनवीन ठिकाणं नको असतात, त्यांना एकच बाग शंभर वेळा हवी असते. तोच झोका, तोच वॉचमनकाका, तेच वाकडं झाड. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना नाही येत. रोज तीच गोष्ट सांग म्हणतात ना रात्री, तसंच आहे हे. मोठी सहल महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, बाकी दिवस घराजवळची बाग. मी पुण्यातली आहे त्यामुळे उदाहरणं पुण्यातली येतील, पण पद्धत नागपूरला काय आणि ठाण्याला काय, तीच.

आधी आपली बाग ठरवा

चालत दहा मिनिटांच्या आत असेल तीच आपली बाग. त्याहून लांब असेल तर गाडी काढावी लागते, गाडी काढली की पार्किंग शोधावं लागतं आणि मग जाणं आठवड्यातून एकदावर येतं. खेळणी कमी असली तरी चालेल पण माती हवी. हल्ली बऱ्याच बागांमध्ये सगळीकडे पेव्हर ब्लॉक नाहीतर रबरी मॅट, बघायला छान वाटतं पण पोराला उकरायला काही नाही. एक तरी मोठं सावलीचं झाड हवं, आणि संडासची सोय आहे का आणि ती उघडी असते का हे आधी एकट्याने जाऊन बघून या, कारण साडेतीन वर्षांच्या बाईसाहेबांना शू लागते ती "आत्ता" लागते. फाटकं किती आहेत तेही मोजा. एकच फाटक असलेली छोटी बाग ही चार फाटकांच्या भव्य उद्यानापेक्षा हजारपट बरी, का ते पोरगं एकदा गर्दीत दिसेनासं झालं की कळतं.

आणि वेळा बघून ठेवा बरं का. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, सकाळी उघडतात, अकराच्या आसपास कुलूप, परत चार-साडेचारला उघडणार. बाहेरगावचे पाहुणे हमखास बारा वाजता पोरं घेऊन फाटकाशी उभे असतात.

कधी जायचं

पोराच्या घड्याळाने, आपल्या नाही. झोप झालेली आणि पोट भरलेलं, या दोन गोष्टी असतील तर पाऊस पडो नाहीतर काही होवो, मजा येते. नसतील तर कितीही भारी बाग असो, वाट लागणारच. उन्हाळ्यात सकाळी सात ते साडेआठ किंवा मग संध्याकाळी साडेपाचनंतर, मधल्या वेळात घसरगुंडीला हात लावून बघा फक्त, तव्यासारखी तापलेली असते. पत्र्याचीच नाही, प्लास्टिकचीही तापते. आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघायची, आपल्याला चटका बसला तर पोराच्या मांड्यांना जास्त बसणार. थंडीत उलटं, नऊ-साडेनऊला ऊन अंगावर घेत जायचं.

शक्य असेल तर रविवार टाळा. बुधवारी संध्याकाळी अर्धा तास जाऊन या, रविवारच्या दोन तासांपेक्षा तो जास्त खेळून होतो कारण झोक्याला रांगच नसते.

किती वेळ? पंचेचाळीस मिनिटं ते एक तास, बास. दमून रडायच्या आधी निघायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या होत्या, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी, आणि स्क्रीन एक तासाच्या वर नको असं आहे. १८० ऐकून घाबरू नका, ही पोरं घरातल्या घरात सोफ्यावरून उड्या मारून निम्मी भरून काढतात. ती दम लागणारी साठ मात्र फ्लॅटमध्ये होत नाहीत, खालचे काका वर येतात.

पिशवीत काय

मी आधी प्रवासाला निघाल्यासारखी बॅग भरायचे. आता एक कापडी पिशवी: पाण्याची बाटली, एक जास्तीची चड्डी आणि हाफपँट, ओला नॅपकिन डबीत घालून, एक रिकामी प्लास्टिकची पिशवी (ओल्या चड्डीसाठी, आणि ती नाही लागली तर गोळा केलेल्या "खजिन्या"साठी), छोटा डबा, दोन जाड खडू आणि चार कोरे कागद. झालं. वाळूत खेळायला घरातला जुना चमचा आणि दह्याचा रिकामा डबा न्या, महागडा सेट नेलात तर तो दुसरं पोर ओढणार आणि मग भांडण सोडवत बसा. बाबागाडी शक्यतो नकोच, आपले फुटपाथ तुम्हाला माहीत आहेत.

डब्यात धिरड्याचे तुकडे, गूळ-पोळीचा रोल, केळं, काकडीच्या लांब फोडी, राजगिऱ्याची वडी असलं काही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं या वयात नकोत, आणि पळता पळता तर अजिबातच नकोत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून. खायचं तर बसून खायचं हा एक नियम मी पहिल्या दिवसापासून लावलाय आणि त्यावर मी आजीचंही ऐकत नाही. (आमच्या सासूबाई मागे मागे पळत घास भरवायच्या, आता त्याही बाकावर बसवतात, दोन वर्षं लागली त्याला.)

कपडे जुने. कानटोपीची लोंबती दोरी, गळ्यातला मफलर, फ्रॉकच्या मागच्या लांब नाड्या घसरगुंडीच्या वरच्या टोकाला अडकतात आणि गळ्याला फास बसू शकतो, त्यामुळे चढायच्या आधी ते काढून घ्यायचं. आणि डेंग्यूचा डास सकाळी आणि संध्याकाळी उजेड असतानाच जास्त चावतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन महिने पातळ सुती फुलपँट आणि पूर्ण बाह्या.

बागेत पोचल्यावर काय करायचं

पहिली दहा मिनिटं काहीच करू नका, खरंच. पोराच्या मागे मागे चाला, ते जिथे बसेल तिथे बसा. आपल्याला फार घाई असते "चल झोक्यावर, चल घसरगुंडीवर", जणू तिकीट काढलंय. ते बघत असतं एखादा भुंगा.

मग त्याचं बघून झालं की एक गोष्ट काढायची. एका वेळी एकच. माझ्याकडे ऋतूप्रमाणे यादी तयार झालीये आता, त्याच एका बागेत वर्षभर जाऊन जाऊन. तीच तर गंमत आहे एकाच बागेची, झाड तेच असतं आणि दर दोन महिन्यांनी नवीन खेळ देतं.

उन्हाळ्यात गुलमोहर. खाली पडलेलं फूल घ्या, पाकळ्या मोजा, पाच, त्यातली एक वेगळी असते, पांढरट आणि ठिपक्यांची, ती "राजा". ती शोधण्यात आमची पंधरा मिनिटं जातात. कळीची जाड साल सोलून नखांना चिकटवली की चेटकिणीची लांब नखं. आतले तुरे एकमेकांत अडकवून ओढायचे, ज्याचं डोकं तुटलं तो हरला, कोंबड्यांची झुंज म्हणायचो आम्ही याला. वाळलेली लांब शेंग म्हणजे खुळखुळा आणि तलवार दोन्ही. मार्च-एप्रिलमध्ये वावळाच्या चपट्या पापड्या वाऱ्यावर उडत येतात त्या झेलायच्या. सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो आणि रुईच्या "म्हातारी" उडतात, त्यांच्या मागे पळण्यात जो दम लागतो तो कुठल्याच क्लासमध्ये लागत नाही. रुईच्या झाडाला मात्र हात नको, चीक डोळ्यात गेला तर वाईट.

याच दिवसांत "टुक टुक टुक टुक" असा एकसारखा आवाज येतो झाडावरून, तो तांबट पक्षी. भांडं ठोकतोय असं वाटतं म्हणून तांबट. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, मी दोघांना एकदा तिकडून मुद्दाम चालवत आणलं आणि तांब्यावरची ठोकठोक ऐकवली, त्यानंतर बागेत तो आवाज आला की धाकटी ओरडते "आई दुकान उघडलं!"

पावसाळ्यात गोगलगायी, गांडुळं आणि डबकी. डबक्यात उड्या मारू द्या हो, कपडे वाळतात. फक्त डबकं किती खोल आहे ते आधी आपल्या पायाने बघायचं आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवायचे. जांभळ्या फुलांचं एक रोप असतं बागांच्या कडेला आपोआप उगवलेलं, त्याच्या सुकलेल्या काळ्या बारीक शेंगा पाण्यात टाकल्या की काही सेकंदांत टचकन फुटतात. आम्ही लहानपणी तोंडातल्या थुंकीने फोडायचो, आता बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन फोडतो, प्रगती. टेकडीवर गेलात तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेरडा असतो, त्याच्या पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फुटून आत गुंडाळते. पोरं आधी दचकतात आणि मग अख्ख्या टेकडीवरच्या शेंगा फोडत सुटतात.

पावसाळा सरता सरता पारिजातक. फुलाचा केशरी देठ कागदावर घासला की रंग उमटतो, खडू विसरलात तरी चालेल मग. त्याच सुमारास बुचाची पांढरी लांब देठांची फुलं सकाळी सडा पडल्यासारखी असतात, देठांचीच वेणी घालता येते, दोरा लागत नाही. चार वर्षांच्या पोराला वेणी नाही जमत पण फुलं एकेक हातात देणं जमतं आणि ते काम ते फार गंभीरपणे करतं.

थंडीत पानं. खाली पडलेलं पान कागदाखाली ठेवून वरून आडवा खडू घासायचा, शिरा उमटतात, जादू. पिंपळाची चांगली चार पानं घरी आणून पाण्यात बुडवून ठेवा, दोन-चार दिवसांनी पाणी बदलत रहा, तीनेक आठवड्यांत हिरवा भाग कुजून सुटतो आणि हलक्या हाताने धुतलं की जाळी उरते. वास येतो, गॅलरीत ठेवा, आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर कोणीतरी फेकून देणार (आमच्याकडे दोनदा).

संध्याकाळी अंधारायला लागलं की पर्जन्यवृक्षाखाली जा, त्या मोठ्या छत्रीसारख्या झाडाखाली. त्याची पानं मिटतात. "झाड झोपायला निघालं" हे पोराने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की घरी जायचा विषय निम्मा सोपा होतो, याचा वापर कसा करायचा ते शेवटी सांगते.

गोळा करण्याचा एकच नियम आहे आमचा, झाडावरचं झाडाचं, खाली पडलेलं आपलं. फुलं तोडायची नाहीत आणि घरी नेताना मूठभरच.

चार-पाच पोरं जमली तर

शिवाजी म्हणतो, रंग रंग कुठला रंग, डोंगराला आग लागली पळा पळा, मामाचं पत्र हरवलं. हेच खेळायचं, नवीन काही शोधायची गरज नाही. फक्त या वयात "आऊट" ही भानगड ठेवायची नाही. तीन वर्षांचं पोर आऊट झालं की त्याला वाटतं आपल्याला हाकलून दिलं, आणि ते एकदा रडत बाजूला बसलं की परत येत नाही. आपल्याकडे यावर किती पिढ्यांपासून सोय आहे, लिंबूटिंबू! सगळेच लिंबूटिंबू. रंगांच्या खेळात तर कोणी पकडणारही नको, "पिवळा" म्हटलं की सगळ्यांनी पळत जाऊन पिवळं काहीतरी धरायचं, कुणाचा तरी पिवळा शर्ट असेल तर त्याचं काही खरं नाही.

झोक्यावरून भांडणं होणारच. मी मोठ्याने मोजते, वीस झोके आणि पुढचा. मिनिटं पोरांना कळत नाहीत, आकडे दिसतात. आणि दुसऱ्याच्या पोराला "बाळा आता उतर" म्हणताना त्याच्या आईकडे बघून हसायचं आधी, मग बोलायचं, निम्मी भांडणं आयांची असतात.

जपायचं ते जपा

घसरगुंडीवर पोराला मांडीवर घेऊन घसरू नका. सगळ्यांना वाटतं तेच सुरक्षित, पण पोराचा बूट कडेला अडकतो आणि आपलं वजन मागून ढकलत राहतं, त्यात नडगीचं हाड मोडतं. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत असतो. एकट्याने येऊ दे, नाही जमत तर छोटी घसरगुंडी. आणि जिथे ते स्वतः चढू शकत नाही तिथे उचलून चढवायचं नाही. हा नियम फार कामाचा आहे, कारण स्वतः चढलेलं पोर बहुतेक वेळा स्वतः उतरतं, आपण चढवलेलं वर जाऊन भोकाड पसरतं. चालत्या झोक्याच्या पुढून मागून जायचं नाही हे शब्दांत सांगून उपयोग नाही, जमिनीवर काडीने रेघ मारून दाखवा.

तोंडात काही घालायचं नाही, डब्यातलं सोडून. बागांमध्ये कण्हेर सर्रास लावलेली असते, पांढरी-गुलाबीही आणि पिवळीही, ज्याच्या बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो. सगळी विषारी. एरंडाच्या बिया, धोत्रा, ती लाल-काळी सुंदर गुंज, हेही. घाणेरीची हिरवी फळं पण नकोत. आधी एकदा स्वतः बागेत फेरी मारून यातलं काय कुठे आहे ते बघून ठेवा. बी चावून गिळलीये असा संशय जरी आला तरी उलटी काढायच्या घरगुती उद्योगात न पडता बी किंवा पानाचा तुकडा सोबत घेऊन सरळ दवाखाना.

झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी दुसरीकडे. सुरवंटाचे केस टोचले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा. आणि कुत्रं. भटकं असो की पट्ट्यातलं, जेवणाऱ्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ नाहीच जायचं, कुत्रं जवळ आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात खाली. आम्ही घरी याचा खेळ खेळतो, मी कुत्रं होते. चावलं किंवा नुसतं नखानं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, पंधरा म्हणजे घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस. हळद लावून घरी बसायचं काम नाही.

हरवलं तर? बागेत शिरताना रोज फाटकात पोराचा एक फोटो काढते मी. लोकांना वाटतं हौस आहे, पण खरं कारण म्हणजे आज कुठले कपडे घातलेत ते घाबरल्यावर आपल्याला आठवत नाही. एकदा एका मोठ्या बागेत धाकटी चार मिनिटं दिसत नव्हती, मी वॉचमनला सांगताना फ्रॉकचा रंग चुकीचा सांगितला. ती कारंज्यामागे बसून दुसऱ्याच कुणाच्यातरी आजीकडून चिवडा खात होती. आपला मोबाईल नंबर कपड्याच्या आतून पट्टीवर लिहून चिकटवायचा, बाहेरून नाव वगैरे लिहायचं नाही. पोराला एकच शिकवायचं की मी दिसले नाही तर आपल्या झाडाजवळ जाऊन थांब, शोधत फिरू नकोस. (बघा, एकच बाग असली की "आपलं झाड" असतं.) आणि झाड सापडलं नाही तर जिच्याबरोबर लहान मूल आहे अशा काकूला सांग. आपण मात्र आधी एकाने फाटक धरायचं मग शोधायचं, आणि पटकन सापडलं नाही तर ११२, लहान मुलांसाठी १०९८ हाही आहे.

फोन खिशात. बाकीचं मी काही बोलत नाही, मीपण बघते, पण पोर चढण्याच्या खेळण्यावर असेल तेव्हा नाही.

महिन्यातून एकदा मोठी सहल

पुण्यात सगळ्यात आधी फुलराणी. पेशवे उद्यानातली छोटी झुकझुक गाडी, १९५६ पासून आहे, म्हणजे आजोबा, बाबा आणि पोर तिघंही एकाच गाडीत बसलेले निघतात आणि आजोबांना फार चढतं त्या दिवशी. तिथलं प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजला हललं, त्यामुळे "वाघ कुठंय" असं आजोबांनी विचारलं तर समजून घ्या. निघायच्या आधी गाडी चालू आहे ना ते कुणालातरी विचारा. शेजारीच सारसबाग, तळ्यातला गणपती, कमळं बघायची आणि हिरवळीवर लोळायचं. दोन्हीपैकी एकात दम संपला तर दुसरं सोडून द्यायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांचं आहे, बुधवारी बंद, आणि या वयात ते पूर्ण बघायचा विचारसुद्धा करू नका. तीन प्राणी ठरवा, पोरालाच ठरवू द्या. बॅटरीवरची गाडी असते तिचं तिकीट आधी काढा, ती संपूर्ण सहलीचा हायलाईट असणार आहे हे आत्ताच सांगते.

एम्प्रेस गार्डन मला स्वतःला सगळ्यात आवडतं. जुनी अवाढव्य झाडं, अजगरासारख्या जाड कांचनवेली, सावली, आणि पळायला जागा. सतरंजी टाकून डबा खायचा तर हेच. राखी धनेश दिसतो नशीब असेल तर, मोठ्या चोचीचा, पंख हलवतो आणि मग थोडं तरंगतो, परत हलवतो. २६ जानेवारीच्या सुमाराला तिथे पुष्पप्रदर्शन असतं, फुलं सुंदर पण गर्दी एवढी की साडेतीन वर्षांच्या पोराला फक्त लोकांचे गुडघे दिसतात. मी जात नाही त्या दिवसांत.

सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानी पद्धतीचं, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. ते बघायला सुंदर आहे, पळायला नाही, हिरवळीवर जाऊ देत नाहीत बऱ्याच ठिकाणी. रंगीत मासे दाखवायचे, पुलावरून चालायचं, अर्ध्या तासात बाहेर. पळणाऱ्या पोराला तिथे नेऊन सारखं "नको, नको" करायचं असेल तर न गेलेलं बरं.

पर्वती मला वाटतं फुकटातली उत्तम सहल. १०३ पायऱ्या, मोजत चढायच्या, वीसच्या पुढे आकडे येत नसतील तर परत एकपासून, पाच वेळा वीस आणि वर तीन. वरून अख्खं गाव दिसतं. "आपलं घर कुठंय" यावर अर्धा तास जातो आणि घर काही दिसत नाही. तळजईला सकाळी लवकर गेलात तर मोर, निदान आवाज तरी. आणि जंगली महाराज रस्त्यावर गेलात तर संभाजी उद्यान आणि जवळच पाताळेश्वर, आठव्या शतकातलं एका खडकात खोदलेलं लेणं. पोरांना लेण्याचं काही नाही, त्यांना तो गोल नंदीमंडप आवडतो, त्याभोवती चक्कर मारत पळतात. आत गार असतं. दिवाळीत संभाजी उद्यानात किल्ल्यांचं प्रदर्शन भरतं, मावळे मोजायला जायचं.

सहलीच्या दिवशीही गणित तेच, एक ठिकाण, जेवणाच्या आधी घरी. परतताना गाडीत झोपलं तर सोन्याहून पिवळं.

निघायचं कसं

हा सगळ्यात अवघड भाग. "पाच मिनिटात निघू" हे या वयात निरर्थक आहे, पाच मिनिटं म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही आणि खरं सांगायचं तर आपणही ती पाळत नाही, मैत्रीण भेटली की आपलीच वीस होतात. त्यापेक्षा मोजता येईल असं सांगा, "अजून तीन घसरगुंड्या आणि मग चप्पल." तिसरी झाली की झाली. एकदा जरी रडल्यावर चौथी दिलीत तर पुढचे सहा महिने रोज रडणं, अनुभवाने सांगतेय. तिसरी घसरगुंडी मात्र दणक्यात साजरी करायची, टाळ्या वाजवून.

मग हातात काम द्या. पिशवी धरणं, फाटकाची कडी लावणं, वॉचमनकाकांना टाटा. संध्याकाळ असेल तर ते पर्जन्यवृक्षाचं वापरा, झाड झोपलं का बघून येऊ, झोपलं, चला हळू चला, पाय वाजवू नका. आमच्याकडे हे दहातल्या आठ वेळा चालतं. उरलेल्या दोन वेळा ती जमिनीवर आडवी होते, तेव्हा मी शेजारी उकिडवी बसते, "अजून खेळायचं होतं ना, हो, मला कळतंय" एवढंच म्हणते आणि गप्प बसते. बघणारे बघतात. दोन-तीन मिनिटांत ओसरतं, मग कडेवर. चॉकलेटचं आमिष दाखवू नका, उद्या ते आधीच आडवं होणार चॉकलेटसाठी.

भेळ-कणसाच्या गाड्या असलेलं फाटक आणि नसलेलं फाटक अशी दोन असतील तर बाहेर पडताना नसलेलं.

घरी आल्यावर हातपाय, मग खजिना ताटात ओतायचा. दगड एका वाटीत, पानं एका वहीत, उरलेलं कुंडीत. आणि पँट मशीनला टाकायच्या आधी खिसे बघा, मी मागच्या आठवड्यात गोगलगाय धुतली.